नवऱ्याला आयोवात ऑफर आलीय, पण माझं काय?

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा आयटीत आहे, मी क्लिनिकल डेटावर एसएएस (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅमिंग करते, एच-4 ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेल्या वर्क परमिटवर. मुलगी 6 वर्षांची. नवऱ्याला डी मॉइनच्या एका इन्शुरन्स कंपनीत ऑफर आलीय. पगार आत्तापेक्षा थोडा कमीच आहे पण तिकडे आपलं घर होईल म्हणतो, तो एकदम तयार आहे. मी मात्र अडकलेय. इथे चालत गेलं की इंडियन दुकान, रविवारी मराठी शाळा, समोरच्या बिल्डिंगमध्ये मैत्रिणी. मला गाडी चालवता येत नाही. मैत्रिणी म्हणतात मक्याच्या शेतात जाऊन करणार काय तुम्ही. सासूबाई पुढच्या वर्षी सहा महिन्यांसाठी यायच्यात. थंडीचं ऐकून तर धडकीच भरते. नाही म्हटलं तर त्याचं करिअर अडवल्यासारखं होईल, हो म्हटलं तर माझं काय?
– अडकलेली, एडिसन

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात दुकान आहे, थंडी आहे, सासूबाई आहेत, मैत्रिणींचे टोमणे आहेत, आणि तुझी नोकरी मात्र ओळख करून देताना एका वाक्यात उरकलीयस. मला वाटतं गाठ तिथेच आहे. डी मॉइनला यायचं की नाही हे थंडीवर ठरत नाही गं, थंडीचं सांगते पुढे, ती निभते. तुझ्या हाताला इथे काम असणार का आणि तुला एकटीला घराबाहेर पडता येणार का, या दोन गोष्टींवर ठरतं. त्या दोन्ही जमत असतील तर माझं स्पष्ट मत आहे की या, आनंदाने या. जमत नसतील तर नवऱ्याला आत्ताच सांग की थांबूया, आणि त्याचं करिअर अडवलं वगैरे मनाला लावून घेऊ नकोस, संसार दोघांचा आहे आणि दोन पगारांवर चाललेला आहे.

मी या भागात बरीच वर्षं राहतेय म्हणून आधी गाव कसं आहे ते सांगते, कारण मक्याचं शेत म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणींपैकी इथे कोणी आलेलं दिसत नाही. डी मॉइन आयोवाची राजधानी, 2020 च्या जनगणनेत शहरात 2,14,133 माणसं, आजूबाजूची गावं धरली तर साधारण सात लाख. शहर स्वतः सावकाश वाढतंय, खरी वाढ आहे ती कडेच्या गावांत. अँकेनी 2010 ला 45,582 होतं ते दहा वर्षांत 67,887 झालं, वॉकी 13,790 वरून 23,940 वर गेलं. नवीन शाळा, नवीन रस्ते, काल जिथे शेत होतं तिथे आज टाउनहोमच्या रांगा, आणि त्या रांगांमध्ये राहणारे बरेचसे लोक तुमच्यासारखेच कुठून कुठून आलेले. आणि हो, मका आहेच, शहराच्या कडेला उभं राहिलं की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन, जुलैत तो मका डोक्याच्या वर जातो आणि हवा अशी दमट होते की आपल्याकडची ऑक्टोबर हीट आठवते. वाईट काय आहे त्यात, मला तर आवडतं.

आता कामाचं. हे विम्याचं गाव आहे. प्रिन्सिपल 1879 पासून इथे आहे, शिवाय ईएमसी, अथीन, फार्म ब्युरो, हेल्थ इन्शुरन्समध्ये वेलमार्क. दुसरी बाजू शेतीची: जॉन्स्टन या उपनगरात कोर्टेवा या बियाण्याच्या कंपनीचं मोठं काम आहे, ज्याचं मूळ हेन्री वॉलेसने 1926 मध्ये काढलेल्या हायब्रिड मक्याच्या बियाण्याच्या कंपनीत आहे, जॉन डिअर आहे, पशुखाद्यातल्या घटकांचं काम करणारी केमिन आहे. मायक्रोसॉफ्ट आणि मेटाची डेटा सेंटर्सही आहेत पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, बिल्डिंगा प्रचंड असतात आणि बांधून झाल्यावर आत माणसं थोडी.

तुझ्यासाठी याचा अर्थ काय, तर फार्माच्या क्लिनिकल ट्रायल्सचं जे काम न्यू जर्सीत दर दोन एक्झिटवर मिळतं ते इथे त्या रूपात नाहीये, हे आधी मान्य कर. पण एसएएस येणाऱ्या माणसाला विमा कंपनीत काम असतं, जोखमीचा हिशोब करणाऱ्या अ‍ॅक्चुरियलवाल्यांकडे, क्लेम्सच्या डेटावर, आणि बियाण्याच्या कंपनीतही शेतातल्या चाचण्यांचा डेटा असतोच, तिथेही रँडमायझेशन, तिथेही मिक्स्ड मॉडेल्स, फक्त पेशंटच्या जागी मक्याचे प्लॉट. ज्यांनी ही उडी मारलीय अशी माणसं मी इथे बघितलीयत, आर आणि एसक्यूएल या प्रोग्रॅमिंग भाषाही येत असतील तर अजून सोपं जातं. म्हणून पहिलं काम हे कर की नवऱ्याची सही व्हायच्या आधी तूही तीन-चार ठिकाणी अप्लाय कर, निदान दोन इंटरव्ह्यू होऊ देत, बाजार तुझ्यासाठी काय म्हणतोय ते कळेल. आणि त्याच वेळी तुझ्या आत्ताच्या कंपनीला विचार की आयोवातून रिमोट चालेल का. मॅनेजर फोनवर ‘हो गं चालेल की’ म्हणाला एवढ्यावर ट्रक बोलवू नकोस, मॅनेजर बदलतात आणि ऑफिसला परत या म्हणणारे ईमेलही येतात. एचआरकडून लेखी घे, आणि कंपनीचं आयोवात पेरोल आहे का ते विचार कारण काही कंपन्या नवीन राज्यात रजिस्टर करायला तयार नसतात आणि तिथे घोडं अडतं.

अजून एक गोष्ट जी ऑफर देणारा कोणी सांगत नाही. मध्यम गावात नोकऱ्यांचं तळं खोल असतं पण रुंद नसतं. वेल्स फार्गोने जानेवारी 2023 मध्ये होम लोनचा धंदा आवरता घेतो म्हणून जाहीर केलं तेव्हा वेस्ट डी मॉइनमध्ये त्याच कामातली किती माणसं एकदम बाजारात आली, आणि सगळी त्याच चार-पाच दारांवर. तुझा नवरा एच-1बी या कामाच्या व्हिसावर आहे, नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस, आणि ते 60 दिवस न्यू जर्सीत वेगळे असतात आणि इथे वेगळे. म्हणून हातात सहा महिन्यांचा खर्च ठेवल्याशिवाय डाउन पेमेंट करायचं नाही, ही माझी अट समज. दुसरी बाजू अशी की इथे लोक एकमेकांना ओळखतात, तुझ्या नवऱ्याने दोन वर्षं नीट काम केलं की पाचही कंपन्यांत त्याचं नाव माहीत असेल, कोणीतरी कोणाला तरी फोन करतो आणि रेझ्युमे आपोआप वरच्या गठ्ठ्यात जातो. हे मी मोठ्या शहरांत बघितलं नाही.

व्हिसाचं लिहितेय पण वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका, मी वकील नाही. तुझा ईएडी नवऱ्याच्या मंजूर आय-140 वर, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेल्या अर्जावर, उभा असणार. तो मंजूर होऊन 180 दिवस झालेत का ते बघा, झाले असतील तर जुन्या कंपनीने नंतर मागे घेतला तरी तो सहसा उपयोगी राहतो, एच-1बी पुढे वाढवायला आणि तुझ्या ईएडीलाही. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, राहते, पण नवीन कंपनीला पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी, कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-140 पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि पर्मलाच हल्ली वर्षाच्या वर जातं, त्यामुळे ‘पर्म कधी सुरू करणार’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. आणि हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, 30 ऑक्टोबर 2025 पासून रिन्युअल फाइल केलं की जुना ईएडी आपोआप वाढायचा ती सोय बंद झालीय. म्हणजे कार्डावरची तारीख संपली आणि नवीन हातात आलं नाही तर काम थांबवावं लागतं, नवीन नोकरीत रुजू होऊन महिना झालेला असला तरी. एक्सपायरीच्या 180 दिवस आधीपासून फाइल करता येतं, त्या पहिल्या दिवशीच करायचं. आणि एच-1बी ट्रान्सफरची फाइल आत असताना देशाबाहेर जाऊ नका, लग्न असू दे नाहीतर मुंज.

पैशाचं म्हणशील तर नवऱ्याचा हिशोब बराचसा बरोबर आहे, पण अर्धा आहे. घरं इथे खरंच आवाक्यातली आहेत, एडिसनमध्ये काँडोला जे पडतं त्यात अँकेनी-वॉकीला तीन बेडरूम, बेसमेंट, दोन गाड्यांचं गॅरेज आणि मागे अंगण मिळतं. आयोवाचा इन्कम टॅक्स 2025 पासून सरसकट 3.8 टक्के आहे. प्रॉपर्टी टॅक्स न्यू जर्सीपेक्षा कमी, पण कमी म्हणजे फुकट नाही, सप्टेंबर आणि मार्चला दोन हप्त्यांत भरायचा असतो आणि नवीन वस्त्यांमध्ये शाळा बांधायला काढलेल्या बाँडच्या कर्जामुळे तो वर जातो. शिवाय दुसरी गाडी, तिचा इन्शुरन्स, हिवाळ्यातलं गॅसचं बिल, भारताच्या तिकिटात एक जास्तीचा टप्पा, हे सगळं कागदावर मांडा, शेजारी तुझा पगार एकदा धरून आणि एकदा न धरता. तुझा पगार न धरलेला रकाना जर फक्त ‘मोठं घर’ एवढ्यासाठीच बरा दिसत असेल तर नवऱ्याला तो कागद दाखव, भांडू नकोस, फक्त दाखव.

आणि पहिलं वर्ष भाड्याने राहा, प्लीज. त्याचा उत्साह मला इथून दिसतोय, आल्या आल्या मॉडेल होम बघायला जाईल. भाड्याचं घर घेताना जोडलेलं गॅरेज हवंच, त्यावर तडजोड नको, जानेवारीत पहाटे साडेसहाला काचेवरचा बर्फ खरवडत उभं राहायला लागलं की महिन्याचे शंभर डॉलर कुठे वाचवले ते आठवतं. वर्षभराने विकत घ्याल तेव्हा इन्स्पेक्शनमध्ये रेडॉनची टेस्ट मागा. हा जमिनीतून येणारा गॅस, दिसत नाही, वास नाही, आणि आयोवातल्या सगळ्या 99 काउंटी ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) सगळ्यात वरच्या धोक्याच्या गटात आहेत. रीडिंग 4 च्या वर आलं तर पाइप आणि फॅन बसवून घ्यायचा, विकणाऱ्याकडून पैसे मागता येतात, आणि तो बसवला की चिंता मिटते. आपली माणसं बेसमेंटला कार्पेट टाकून मुलांना तिथेच खेळायला सोडतात आणि टेस्ट करत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आता गाडी. तू एका वाक्यात लिहिलंयस, मला चालवता येत नाही. मैत्रिणी, बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. इथे डार्ट नावाची बस आहे, शहरात थोडीफार उपयोगी आहे, पण वॉकीला घर आणि जॉन्स्टनला काम असं असेल तर बसने दिवस घालवावा लागेल. गाडी येत नसेल तर तुझं सगळं आयुष्य नवऱ्याच्या कॅलेंडरमधून जाईल, दूध संपलं, मुलीचा डान्स, तुझा डेंटिस्ट, एखाद्या दिवशी उगाच वाटलं म्हणून बाहेर जाणं, सगळं ‘तो आला की’. मध्यम गावांतल्या ज्या आपल्या बायका मी खचलेल्या बघितल्या त्यांच्यात हे एक सारखं होतं, थंडी नाही, माणसं नाहीत असंही नाही, किल्ली नव्हती. तेव्हा हे इथे येऊन करू म्हणू नकोस, एडिसनमध्येच क्लास लाव, पैसे देऊन, नवऱ्याकडून शिकू नकोस, नवऱ्याकडून शिकताना भांडणंच जास्त होतात. न्यू जर्सीच्या टर्नपाइक हायवेवर शिकलेल्या माणसाला इथला ट्रॅफिक म्हणजे काहीच नाही, आय-235 वरून संध्याकाळी पाचला निघालं तरी बहुतेक लोक वीस-पंचवीस मिनिटांत घरी असतात. बर्फावरचं वेगळं शिकावं लागतं, पहिला स्नो पडला की रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जा, मुद्दाम ब्रेक दाब, गाडी घसरते तेव्हा स्टिअरिंग हातात कसं लागतं ते बघ, एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) ती थडथड पायाला कळू दे, पुन्हा कर, पुन्हा कर. दोन रविवारात भीती अर्धी होते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, डिकीत एक ब्लँकेट, बूट, फावडं. रस्ता कसा आहे ते आयोवा 511 वर बघायचं आणि ‘ट्रॅव्हल नॉट अ‍ॅडव्हाइज्ड’ दिसलं की गपचूप घरी बसायचं.

थंडी आहे, खोटं कशाला सांगू. न्यू जर्सीपेक्षा जास्त आणि कोरडी, आणि खरा त्रास वाऱ्याचा, अडवायला डोंगर नाही काही नाही, जानेवारीत एखाद-दुसरा आठवडा असा येतो की वाऱ्यासकट उणे 30 फॅरनहाइटसारखं जाणवतं आणि शाळा उशिरा सुरू होतात किंवा बंदच. डाउनटाउनला बिल्डिंगांना जोडणारे स्कायवॉक आहेत, जवळपास 4 मैल, त्यामुळे तिथे ऑफिस असेल तर लोक जेवायला जाताना कोटसुद्धा घालत नाहीत. मला विचारशील तर तापमानापेक्षा मार्च जड जातो, बर्फ संपलेला असतो पण हिरवं काही नसतं, सगळं तपकिरी. त्या महिन्यासाठी काहीतरी ठरवून ठेव. वादळांचं म्हणशील तर भोंगा वाजला की बेसमेंटमध्ये जायचं, मुलीला पहिल्याच आठवड्यात जागा दाखवून ठेव म्हणजे घाबरणार नाही. ते थट्टेवारी न्यायचं नाही, मे 2024 मध्ये इथून साधारण तासाभरावरच्या ग्रीनफिल्ड गावातून टॉर्नेडो गेला आणि माणसं गेली. 10 ऑगस्ट 2020 च्या डेरेचो वादळात सीडर रॅपिड्सला कित्येक दिवस लाइट नव्हती. म्हणून टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, चार्ज केलेली पॉवर बँक बेसमेंटमध्येच ठेवायची.

पाण्याचं एक आहे जे आपल्या घरांत माहीत हवं. शेतांतलं खत जमिनीखालच्या पाइपांतून नद्यांत येतं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नायट्रेट वाढतं. नळाचं पाणी मर्यादेत ठेवायला इथे नायट्रेट काढायचा मोठा प्लँट आहे, पण जून 2025 मध्ये त्याच्यावर इतका ताण आला की लॉनला पाणी घालायलाच बंदी केली होती. सासूबाई आल्या की पाणी उकळतील, आपल्याकडे सगळे उकळतात, पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. मोठ्यांना रोजची काळजी करायचं कारण नाही, पण घरात तान्हं बाळ असेल किंवा होणार असेल तर सिंकखाली आरओ बसवून टाका.

माणसांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मैत्रिणी सोडून यायचं तुला सगळ्यात जड जातंय. इथली माणसं पहिल्या दिवसापासून चांगली वागतात, खरीखुरी. हाय-व्ही या सुपरमार्केटमध्ये काउंटरवरची बाई तुझ्या मुलीला शाळा कशी आहे विचारेल, उत्तर ऐकून घेईल. बर्फ पडल्यावर सकाळी उठून बघशील तर शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचा स्नोब्लोअर तुमच्याही फुटपाथवरून फिरवलेला असेल आणि आभार मानायला गेलीस तर त्यालाच ओशाळल्यासारखं होईल. हॅलोविनला मुलं कँडी मागायला येतात तेव्हा आधी एक जोक सांगतात, ही इथली जुनी पद्धत आहे, तेव्हा मुलीचा एक जोक पाठ करून घे, आणि दारात उभी राहून तिच्याच वयाच्या तीस-चाळीस मुलांचे तेच तेच जोक ऐकून हस, अर्ध्या शेजाराची ओळख त्या एका संध्याकाळी होते.

पण ओळख वेगळी आणि मैत्री वेगळी. इथे जन्मलेल्यांची शाळेपासूनची माणसं, भाऊबहिणी, आईवडील सगळे गाडीने तासाभरात असतात, त्यांचे रविवार भरलेले असतात. ते तुला टाळत नसतात, त्यांना फक्त सुचत नाही की हिला रविवारी कोणी नाही. म्हणून नवीन माणसांची मैत्री आधी नवीन माणसांशीच होते, आणि म्हणूनच मी म्हणते की अँकेनी-वॉकीसारख्या वाढत्या गावात राहणं तुझ्या फायद्याचं. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जात राहा, लायब्ररीचा तोच स्टोरी टाइम, तोच योगाचा क्लास, शाळेच्या पीटीओची (पालक-शिक्षक संघाची) मीटिंग, दर वेळी नवीन काहीतरी शोधत बसण्यापेक्षा एकच गोष्ट धरून ठेवलीस की चेहरे ओळखीचे होतात. आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघू नकोस, तू बोलव. चहा आणि पोह्यांना बोलवलं तरी लोक येतात, आणि येताना डब्यात बार्स (ट्रेमध्ये भाजलेल्या गोड वड्या) घेऊन येतात.

आपली मराठी घरं आहेत, गणपती-दिवाळीला भेटतात, पण एडिसनसारखी समोरच्या बिल्डिंगमध्ये नाहीत. मंदिर मॅड्रिड नावाच्या गावी आहे, डाउनटाउनपासून अर्ध्या-पाऊण तासावर, शेतांच्या मध्ये, आणि तिथे तेलुगू, तामिळ, गुजराती, मराठी सगळे एकाच छताखाली, कारण वेगवेगळं काढण्याएवढी संख्या कोणाचीच नाही. माझ्या मते हे मुलांसाठी चांगलं आहे. मराठी शाळा मात्र रविवारी तयार मिळेलच असं धरू नकोस, एडिसनच्या शाळेला ऑनलाइन चालू ठेवता येईल का विचार, नाहीतर चार घरं मिळून सुरू करायची, तूच कर. दुकानं आहेत, भारतीय आहेत आणि भूतानमधून आलेल्या नेपाळी लोकांचीही आहेत, कढीपत्ता, मेथी, हिंग काही अडत नाही. हे गाव बाहेरून आलेल्यांना अगदीच नवखं नाहीये, 1975 मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई डाम जमातीच्या निर्वासितांना इथे जागा दिली, मग व्हिएतनामी, बोस्नियन, बर्मी येत गेले. शनिवारचा डाउनटाउन फार्मर्स मार्केट मे ते ऑक्टोबर असतो, तिथे त्यांच्यातल्या शेतकरी बायका कारली, चवळीच्या लांब शेंगा आणि तिखटजाळ मिरच्या घेऊन बसलेल्या असतात, इंग्रजी त्यांचं बेताचं, भाव बोटांवर. सासूबाईंना तिथे घेऊन जा, त्यांचं बरोबर जमेल.

सासूबाईंचं म्हणशील तर सहा महिने एप्रिलअखेर ते ऑक्टोबर असे बसवा, हिवाळ्यात आणू नका, त्या वयात घसरून पडण्याचीच भीती जास्त. विमान शिकागोहून असेल तर तिथे बदलावं लागेल आणि एकट्या येणार असतील तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, मधला वेळ तीन तासांच्या वर घ्या. ऑगस्टमध्ये स्टेट फेअर असते, 11 दिवस, लोण्याची खऱ्या गायीएवढी गाय बनवून ठेवतात काचेच्या कपाटात, ती बघायला रांग लागते. गायीम्हशी बघितलेल्या बाईला ती जत्रा घरच्यासारखी वाटेल.

शाळांचं फार खोलात जात नाही, अँकेनी, वॉकी, जॉन्स्टन, वेस्ट डी मॉइन कुठेही सहा वर्षांच्या मुलीचं नीट होईल, फक्त एवढं लक्षात ठेव की इथे शाळा 23 ऑगस्टनंतर लगेच सुरू होते, न्यू जर्सीसारखी सप्टेंबरात नाही, त्यामुळे जुलैअखेर सामान पोचलेलं हवं.

आता लगेच काय करायचं ते. ऑफरला उत्तर द्यायला किती दिवस आहेत ते तू लिहिलं नाहीस, नवऱ्याला दोन आठवडे वाढवून मागायला सांग, नम्रपणे मागितले तर बहुतेक देतात. त्या दोन आठवड्यांत पर्म कधी, रिलोकेशनचे पैसे वर्ष-दोन वर्षांत सोडलं तर परत करावे लागतात का, आणि काम हायब्रिड असेल तर ऑफिसला आठवड्यातून नक्की किती दिवस जायचं, ही तीन उत्तरं लेखी येऊ देत. आणि तिघंही एकदा येऊन जा, जमलं तर कडाक्याच्या थंडीतच, मे महिन्यात आलात तर सगळं गोडच दिसेल. गाडी भाड्याने घ्या, संध्याकाळी पाचला ऑफिसपासून वॉकीपर्यंत जाऊन बघा, मुलीला लायब्ररीत तासभर बसवा, रविवारी मंदिरात जा आणि तिथे जेवताना शेजारी जी कोणी बसेल तिला सरळ विचार की तुला इथे काम कसं मिळालं. आपल्या बायका हे खूप मोकळेपणाने सांगतात, फोन नंबरही देतात. ड्रायव्हिंगचा क्लास तर ऑफरचं काहीही होवो, याच आठवड्यात लाव.

आणि तुझ्या ईएडीवर एक्सपायरीची तारीख काय आहे ते मला कळव, हलायचा महिना कुठला धरायचा ते त्यावरूनच ठरवू.

तुझी,
ताई